भाता ते वायुभट्टी

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्यावीत, अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आपल्या लोहार समाजाच्या पूर्वेतिहासावर लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या काही वर्षांत समाजातील तरुण मंडळी पुन्हा भट्टीकडे वळू लागली आहेत. कोणी हौसेने तर कोणी उदरनिर्वाहासाठी सुऱ्या, चाकू, कोयते घडवू लागले आहेत, आणि त्यांतील अनेकांची भट्टी कोळशाची नसून गॅसची आहे. ही गोष्ट आनंदाची खरी; तथापि ही भट्टी आपल्या वाडवडिलांची नव्हे. तिचा इतिहास निराळा, तिचा स्वभाव निराळा आणि तिचा कोपही निराळा. हे न ओळखल्यामुळे खुद्द आमच्या हातून एक चूक घडली. ती झाकून ठेवण्यापेक्षा समाजबांधवांपुढे मांडावी, म्हणजे आमच्या शिक्षकी पेशाचे सार्थक होईल, असे वाटून हा लेख लिहीत आहोत.

जुन्या भट्टीचा स्वभाव

आपल्या भूमीत लोखंडाची विद्या फार जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले असून ते इसवी सनापूर्वीच्या काळातील आहेत. त्या कारागिराचे नाव कोणास ठाऊक नाही. परंतु त्याच्या भट्टीचे मर्म आणि आमच्या वडिलांच्या भट्टीचे मर्म एकच होते. लाकडी कोळसा, मातीची नळी आणि वारा.

आमचे बालपण त्या भट्टीपाशी गेले. वडील ऐरणीपाशी बसत, आई घण उचलीत असे, आणि शाळेतून येताच भाता ओढण्याचे काम आम्हां मुलांकडे येई. फाळ पाजवून घेण्यासाठी पेरणीपूर्वी शेतकऱ्यांची रांग लागे. वडिलांनी आम्हांस जी पहिली गोष्ट शिकविली ती अशी की, भट्टीचा प्राण भात्यात आहे. हात चालला तर विस्तव भडकतो, हात थांबला की विस्तव निवतो. कोणी बोलवावयास आले, तर भाता सोडून खुशाल उठावे. भट्टी आपोआप शांत होते. फार तर कोळसे राखेखाली धुमसत राहतात.

वाचकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढील सारे कथानक ह्या एका वाक्याभोवती फिरते. जुन्या भट्टीत जळण समोर दिसते. तिचा धूर डोळ्यांस झोंबतो, तिची ठिणगी अंगावर उडते. जेथे विस्तव तेथेच धोका, आणि विस्तव नाही तेथे धोका नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. पिढ्यान्‌पिढ्या तो हिशेब आपल्या रक्तात भिनलेला आहे.

मुंबईहून लंडनला गेलेले पोलाद

ह्या जुन्या विद्येची कीर्ती सातासमुद्रापार गेली होती. मुंबईस राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनी आपल्याकडील पोलादाचे नमुने लंडनला पाठविले आणि 1795 साली जॉर्ज पिअर्सन ह्यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. इंग्रज लोक ह्या पोलादास ‘वूट्झ’ म्हणत. तेलंगणातील कोनासमुद्रम्‌ येथील पोलाद तर इराणी व्यापारी नेत असत.

पुढे 1819 पासून तीनचार वर्षे मायकेल फॅरडे ह्या थोर शास्त्रज्ञाने जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या व शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणाऱ्या कारागिराच्या सहकार्याने ह्याच पोलादाचा अभ्यास केला. फॅरडेचे वडील लोहार होते, हे आपल्या मुलांस आवर्जून सांगण्यासारखे आहे. आणखी एक योग असा की, 1825 साली त्याच फॅरडेने दाबाखाली भरलेल्या दिव्याच्या वायूच्या भांड्यांत जो द्रव साचे, त्यातून बेंझीन हा पदार्थ वेगळा केला. म्हणजे पोलाद आणि भांड्यात कोंडलेला जळाऊ वायू, हे दोन्ही विषय लोहाराच्या ह्या एका मुलाच्या हाताखालून गेले.

न दिसणाऱ्या जळणाची कथा

दगडी कोळशापासून वायू काढून त्यावर घर उजळण्याचा प्रयोग विल्यम मरडॉक ह्याने 1792 मध्ये इंग्लंडात केला आणि लवकरच लंडनचे रस्ते वायूच्या दिव्यांनी उजळले. परंतु वायूचा कोप खाणकामगारांस आधीपासून माहीत होता. 1812 साली फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत वायूचा स्फोट होऊन 92 जीव गेले. त्यानंतर 1815 मध्ये सर हंफ्री डेव्ही ह्यांनी, तरुण फॅरडेच्या मदतीने, तारेच्या जाळीचा सुरक्षित दिवा तयार केला. हवेत घातक वायू मिसळला की त्या दिव्याची ज्योत बदललेली दिसे. जे डोळ्यांस दिसत नाही ते दाखविणारी खूण माणसाने हाती घेतली.

1855 च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट बुन्सेन ह्यांनी सुप्रसिद्ध बर्नर प्रचारात आणला. शाळेच्या प्रयोगशाळेत तो आपण सर्वांनी पाहिला आहे. बारीक छिद्रातून वेगाने निघणारा वायू भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो आणि दोन्ही मिसळून निळी, कढत ज्योत होते. येथे भाता ओढणारा हात नाहीसा झाला. वायू स्वतःच स्वतःचा भाता झाला. आजच्या बिनपंख्याच्या गॅसभट्टीचे तत्त्व हेच.

प्रोपेनचा इतिहास ह्याच्या नंतरचा आहे. अमेरिकेत सरकारी खाण खात्यातील रसायनज्ञ वॉल्टर स्नेलिंग ह्यांनी 1910 च्या सुमारास पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंचा शोध घेतला आणि 1913 मध्ये त्याचे पेटंट मिळविले. ह्या वायूचे वैशिष्ट्य असे की दाबाखाली तो पाण्यासारखा पातळ होतो आणि दाब सुटताच एका लिटरचे सुमारे 270 लिटर होतात. म्हणूनच एका लहानशा सिलिंडरात भट्टीचे दिवसभराचे जळण मावते. आणि म्हणूनच एका ढिल्या सांध्यातून खोलीभर संकट बाहेर पडू शकते.

अमेरिकेतील सुरीकार

यंत्रांच्या युगात हाताने सुरी घडविणे अमेरिकेतही जवळजवळ लोपले होते. 1970 नंतर ती विद्या पुन्हा जागी झाली. मेरीलँडचे विल्यम मोरान ह्यांनी 1973 मध्ये थर जोडून घडविलेल्या, नक्षीदार पात्याच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि 1976 मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था स्थापन झाली. तिची परीक्षा पाहण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या सुरीने लोंबता दोर एका घावात तोडावयाचा, लाकडी फळी तोडावयाची, तरीही धार अशी राहावी की अंगावरील केस निघावेत, आणि शेवटी पाते काटकोनात वाकविले असता मोडू नये. कठीणपणा व लवचिकपणा एकत्र नांदविणे हे आपल्याकडील पाणी देण्याच्या विद्येचेच सार होय.

ह्या मंडळींनी प्रोपेनची भट्टी घरामागच्या अंगणात आणली. हलक्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या तंतूंचे अस्तर मिळू लागल्याने ती लहान, स्वस्त व लवकर तापणारी झाली. 2015 पासून सुऱ्या घडविण्याच्या स्पर्धा तेथील दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या आणि त्यांचे वेड जगभर पसरले. आपल्या घरांतील तरुणांनी ही भट्टी पाहिली ती अशी.

आमची चूक

आपल्याकडे घरगुती गॅस 1955 च्या सुमारास मुंबईस प्रथम आला. तो प्रोपेन व ब्युटेन ह्यांचे मिश्रण असतो. 1965 मध्ये सरकारी कंपनीचा गॅस सुरू झाला, आणि 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर तो खेड्यापाड्यांत पोचला. ध्यानात घ्यावे की, हा वायू प्रथम आपल्या माताभगिनींच्या हाती गेला, लोहारांच्या नव्हे. ह्याचे महत्त्व आम्हांस उशिरा कळले.

आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवास सुऱ्या घडविण्याची हौस. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत त्याने एका स्नेह्याकडून पंख्याची गॅसभट्टी काही दिवसांसाठी मागून आणली. भट्टी परकी; तिच्या मालकाने ती कशी पेटवावी हे घाईघाईने सांगितले होते, कशी विझवावी हे आम्ही विचारले नव्हते. घरामागच्या पडवीत ती मांडली. आम्ही लोहाराचे पुत्र, त्यामुळे मोठेपणाने जवळ उभे होतो. भट्टी पेटून दोन मिनिटे झाली नाहीत तोच वीज गेली. पंखा थांबला, ज्योत पिवळी पडून बाहेर आली आणि पाहता पाहता विझली. पुतण्या गोंधळून म्हणाला, “काका, आता काय करायचे?”

वडिलांचे ते वाक्य आमच्या तोंडून आपसूक निघाले. आम्ही म्हणालो, “भाता थांबला, भट्टी निवली. वीज येईपर्यंत चहा घेऊ.” आणि आम्ही दोघे ओसरीवर येऊन बसलो.

पंखा थांबला होता. वायू थांबला नव्हता. सिलिंडर उघडाच होता.

थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून आमच्या भावजय घाईने बाहेर आल्या. “भाऊजी, गॅसचा वास येतोय. कोणी काही पेटवू नका,” एवढे बोलून त्या सरळ पडवीत गेल्या, सिलिंडरची चावी बंद केली, दोन्ही दारे सताड उघडली आणि विजेचे एकही बटण कोणी खालीवर करू नये असे सर्वांस बजावले. पंख्याचे बटणही होते तसेच राहू दिले आणि दूर अंगणात असलेल्या मुख्य खटक्यावरून पडवीची वीज तोडण्यास पुतण्यास पाठविले. हे सारे झाल्यावर काही वेळाने वीज आली. सिलिंडर उघडा असता आणि तो पंखा आपोआप फिरू लागला असता, तर त्याच्या एका ठिणगीने काय झाले असते हे आम्ही अनेक रात्री मनाशी घोळवीत होतो. पिढीजात लोहार ओसरीवर चहा पीत बसला होता आणि अग्नीचा खरा स्वभाव चुलीपाशी वावरणाऱ्या गृहिणीस माहीत होता. हे लिहिताना संकोच वाटतो; परंतु इतिहास लिहिणाराने सत्य सोडू नये.

वासामागील इतिहास

भावजयींना जो वास आला, तो वायूचा स्वतःचा वास नव्हे. प्रोपेनास म्हणण्यासारखा वासच नसतो. तो दुर्गंध मुद्दाम मिसळलेला असतो, आणि त्यामागे एक करुण कथा आहे. अमेरिकेत टेक्सस प्रांती न्यू लंडन नावाच्या गावी एक मोठी शाळा होती. तेथे वापरला जाणारा नैसर्गिक वायू गळून इमारतीच्या खालच्या पोकळीत साचला. त्यास वास नसल्याने कोणास कळले नाही. 18 मार्च 1937 रोजी दुपारी कार्यशाळेच्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. त्याची ठिणगी पडली आणि शाळा उडाली. सुमारे तीनशे जीव गेले; त्यांत बहुतेक मुले होती.

त्यानंतर थोड्याच अवधीत वायूत वास मिसळण्याचा कायदा टेक्ससमध्ये झाला आणि ती रीत सर्वत्र पसरली. आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले असल्याने ही हकीकत वाचताना डोळ्यांपुढे वर्ग उभा राहतो. डेव्हीच्या दिव्याने वायू डोळ्यांस दाखविला; ह्या मुलांच्या मरणाने तो नाकास कळू लागला. आमच्या पडवीत त्या दिवशी जो वास आला, तो त्या मुलांचे आमच्यावरील ऋण आहे.

परक्या भट्टीपाशी वागणूक

ह्या अनुभवानंतर आम्ही जाणत्या कारागिरांस विचारून व वाचून जे शिकलो, ते तरुणांसाठी थोडक्यात सांगतो.

परकी भट्टी पाहिली की प्रथम हात मागे घ्यावा आणि मालकास तीन प्रश्न विचारावेत. ही भट्टी पंख्याची की बिनपंख्याची? हिची पेटविण्याची क्रमवारी काय? आणि अडचण आल्यास सर्वांत आधी कोणती चावी बंद करावयाची? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळे मिटून हाती येईपर्यंत भट्टी पेटवू नये.

जागा मोकळी हवी. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने धुरासारखा वर न जाता पाण्यासारखा खाली उतरतो व खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. म्हणून वारा जमिनीलगत खेळला पाहिजे. केवळ वरची खिडकी पुरेशी नाही. सिलिंडर उभाच ठेवावा आणि भट्टीच्या तोंडातून निघणाऱ्या आगीच्या रेषेपासून दूर ठेवावा. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून गळती पाहणे हे वेडेपण होय. स्वयंपाकघराचा रेग्युलेटर मंद दाबासाठी असतो. त्याची मोडतोड करून भट्टीस जोडू नये, दाब कमीजास्त करता येणारा योग्य रेग्युलेटर व वायूसाठीच बनविलेली नळी घ्यावी. घरगुती सिलिंडर धंद्यास वापरणे कायद्यानेही मना आहे.

पेटविताना बिनपंख्याच्या भट्टीत आधी ज्योत बर्नरच्या तोंडाशी धरावी आणि मगच वायू थोडा सोडावा. आधी वायू सोडून मग काडी शोधू नये. पंख्याच्या भट्टीत आधी पंखा मंद चालवून, मग ज्योत, मग वायू असा क्रम सामान्यतः असतो. तथापि त्या भट्टीच्या कर्त्याने सांगितलेला क्रम प्रमाण मानावा. तोंडासमोर उभे न राहता बाजूस राहावे. तीनचार क्षणांत पेट घेतला नाही, तर वायू बंद करून काही मिनिटे थांबावे, भट्टीत साचलेला वायू निघून जाऊ द्यावा आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.

चालू असताना भट्टीची दोन्ही तोंडे बुजवू नयेत. ज्योत बर्नरच्या नळीत मागे शिरून घरघर आवाज येऊ लागला, तर वायू ताबडतोब बंद करावा. सिलिंडरावर दव वा बर्फ दिसल्यास तो तापवू नये. जळण ओढण्याचा वेग सिलिंडरास झेपत नाही एवढाच त्याचा अर्थ. निळी ज्योत असली तरी ही भट्टी कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू सोडते. त्यास रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागले, मळमळ झाली, तर थकवा समजू नये. तत्काळ मोकळ्या हवेत यावे. ह्या वायूची सूचना देणारे यंत्र मिळते. ते जवळ असावे. अस्तराचे तंतू उघडे ठेवू नयेत, त्यांवर उष्णतारोधक लेप असावा, आणि त्यांची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून नाकातोंडास योग्य मुखपट्टी लावावी. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत कदापि घालू नये. त्याची वाफ माणसास आजारी पाडते, प्रसंगी जीवही घेते. पाणी देण्यासाठी तेल वापरावयाचे असेल, तर ते झाकण असलेल्या धातूच्या भांड्यात, भट्टीपासून अंतरावर ठेवावे आणि पाते अर्धवट न बुडविता पूर्ण बुडवावे.

विझविताना आधी सिलिंडरची चावी बंद करावी, नळीतील वायू जळून जाऊ द्यावा, आणि मग बाकीच्या चाव्या फिरवाव्यात. पंख्याच्या भट्टीत वायू बंद केल्यावरही पंखा थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे उष्णता नळीत मागे चढत नाही. चालू भट्टीतच वीज गेली, तर विचार न करता प्रथम वायू तोडावा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल ह्याचा नेम नसल्याने, वीज जाताच वायू आपोआप बंद करणारी झडप पंख्याच्या भट्टीस बसविणे हा खर्च नव्हे, तो विमा होय.

समारोप

जुन्या भट्टीस चालविण्यासाठी हात लागत असे. नव्या भट्टीस थांबविण्यासाठी हात लागतो. आमच्या मते सबंध इतिहासाचे तात्पर्य एवढेच आहे. वडिलांनी शिकविलेले वाक्य खोटे नव्हते. ते त्यांच्या अग्नीविषयी होते. आम्ही ते दुसऱ्याच अग्नीस लावले, हा दोष आमचा.

आमच्या वडिलांचा भाता आता माळ्यावर आहे. त्याचे कातडे फाटले आहे. पुतण्याने गेल्या वर्षी स्वतःची भट्टी बांधली. ती पडवीत नसून उघड्या पत्र्याच्या शेडात आहे, आणि तीस वीज जाताच वायू तोडणारी झडप आहे. पहिली सुरी त्याने आईच्या हाती दिली. त्या सुरीने आज घरची भाजी चिरली जाते. भट्टी प्रथम पेटविताना त्याने आम्हांस बोलाविले होते. परंतु सिलिंडरच्या चावीपाशी उभे राहण्यास त्याने आईस सांगितले. आम्हांस ते योग्यच वाटले.

समाजातील ज्या घरी अशी भट्टी असेल, त्यांनी हा लेख मुलांस वाचून दाखवावा, आणि ती बंद कशी करावी हे घरातील प्रत्येक माणसास, लहानथोर, स्त्रीपुरुष, शिकवून ठेवावे, एवढी नम्र विनंती करून लेखणी खाली ठेवतो.